आरशात फोटो का दिसत नाहीत? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरच्या घरी तयार करता येणाऱ्या स्मार्ट आरशाची माहिती गेल्या अंकात दिली होती. अर्धपारदर्शक काचेमागे एखादा जुना मॉनिटर, त्याला जोडलेला रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) हा छोटा संगणक आणि त्यावर चालणारी मॅजिकमिरर ही मुक्त संगणकप्रणाली, अशी त्याची रचना असते. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील एका विकासकाने ही प्रणाली आपल्या घरच्या आरशासाठी लिहिली आणि पुढे जगभरातील हौशी मंडळींनी तिच्यासाठी नाना तऱ्हेची मॉड्यूल, म्हणजे आरशावर एकेक काम करणारे जोडभाग, तयार केली. मराठवाड्यातून आलेली बहुतेक पत्रे यांपैकी एकाच प्रकारच्या मॉड्यूलविषयी आहेत: घरच्या फोटोंचा संच एकामागून एक दाखवणारे, म्हणजे स्लाइडशोचे मॉड्यूल.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. फोटो दिसत नाहीत म्हटल्यावर बहुतेक जण मॉड्यूल काढून टाकतात आणि पुन्हा बसवतात. त्याने क्वचितच काही साधते, कारण दोष सहसा मॉड्यूलच्या आत नसतो. मॉड्यूल फोल्डर वाचून फोटोंची यादी करते, ती यादी पडद्याकडे पाठवते, मॅजिकमिररचा सर्व्हर मागितलेली फाइल पुरवतो आणि शेवटी पडद्यामागचा ब्राउझर ती फाइल मेमरीत उलगडून दाखवतो. या वाटेवर फोटो नेमका कुठे अडला, हे शोधून काढल्याखेरीज कोणत्याही सेटिंगला हात लावू नये. खालील उत्तरांत आज्ञा आणि फाइलींची नावे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत लिहावीत.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आरसा तयार केला. फोटोंचे मॉड्यूल जोडण्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये चार ओळी घातल्या, तेव्हापासून घड्याळसुद्धा दिसेनासे झाले. काळ्या पडद्यावर कॉन्फिग फाइल तयार करा किंवा असलेली तपासा, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश तेवढा येतो. — एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : आपला आरसा बिघडलेला नाही. कॉन्फिग फाइल, म्हणजे आरशावर काय आणि कसे दिसावे हे लिहिलेली फाइल, जावास्क्रिप्ट भाषेत असते आणि तिच्यात एका चिन्हाची जरी चूक झाली तरी प्रणाली संपूर्ण फाइल बाजूला ठेवते. म्हणून फोटोंबरोबर घड्याळही गेले.

आपण त्या चार ओळी व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डच्या फाइलमधून उचलल्या असतील, तर सर्वप्रथम अवतरणचिन्हे पाहावीत. अशा ठिकाणी सरळ अवतरणचिन्हांचे रूपांतर आपोआप वळणदार चिन्हांत होते. वाचणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही, परंतु जावास्क्रिप्ट ती चिन्हे स्वीकारत नाही. दुसरी शक्यता मराठीत टंकलेखन करणाऱ्यांच्या बाबतीत विशेष आहे. कळफलक मराठीवर असताना फोटो बदलण्याची वेळ देवनागरी अंकांत लिहिली गेली, तर तीही प्रणालीला अंक म्हणून कळत नाही. तिसरी आणि सर्वांत नेहमीची चूक म्हणजे आधीच्या मॉड्यूलच्या महिरपी कंसानंतर स्वल्पविराम देणे राहून जाते.

या तिन्ही चुका डोळ्यांनी शोधत बसू नये. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, मॅजिकमिररच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम रन कॉन्फिग:चेक’ ही आज्ञा द्यावी. चूक कोणत्या ओळीत आहे ते ती क्रमांकासह सांगते. एवढे मात्र लक्षात असू द्यावे की स्वल्पविराम राहिला असेल, तर दाखवलेला क्रमांक चुकीच्या ओळीच्या पुढचा असू शकतो, तेव्हा वरची ओळही तपासावी. विद्यार्थ्यांना ही आज्ञा प्रदर्शनातच करून दाखवावी, अशी माझी मनापासून सूचना आहे.

प्रश्न : घड्याळ आणि हवामान व्यवस्थित दिसते, फोटोंची जागा मात्र रिकामी राहते. कोणताही संदेश येत नाही. फोल्डरमध्ये फोटो आहेत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. इंटरनेटवरील एका मार्गदर्शिकेत दिल्याप्रमाणेच सर्व लिहिले आहे. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सर्वाधिक पत्रे याच स्वरूपाची आहेत, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

संदेश पडद्यावर येत नसला तरी तो नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये आलेला असतो. आरसा आपोआप सुरू होण्यासाठी आपण पीएम२ वापरत असाल, तर ‘पीएम२ लॉग्ज’ ही आज्ञा द्यावी आणि आरसा नव्याने सुरू करून सरकणाऱ्या ओळी वाचाव्यात. अमुक मॉड्यूल सापडत नाही असे तेथे दिसले, तर त्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम इन्स्टॉल’ करायचे राहिले आहे, किंवा फोल्डरचे नाव आणि कॉन्फिगमधील नाव तंतोतंत जुळत नाही. पायवर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीत मोठी आणि लहान रोमन अक्षरे वेगळी मानली जातात. विंडोजवर सवय झालेल्या माणसाच्या हे पटकन ध्यानात येत नाही.

मॉड्यूल सुरू होत आहे, पण एकही फोटो सापडला नाही अशी नोंद असेल, तर अडचण यादीच्या टप्प्यावर आहे. आपण मार्गदर्शिकेचा उल्लेख केला आहे, म्हणून माझा पहिला संशय फोल्डरच्या पत्त्यावर जातो. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये पत्ता ‘होम’ आणि त्याखाली ‘पाय’ असा दिलेला असतो, कारण पूर्वी रास्पबेरी पायवर ‘पाय’ नावाचा वापरकर्ता आपोआप तयार होत असे. एप्रिल २०२२ पासून ही पद्धत बंद झाली आणि प्रत्येकाने सुरुवातीलाच स्वतःचे नाव निवडावे, असे ठरले. आपण तेथे स्वतःचे नाव दिले असेल, तर ‘होम/पाय’ असा फोल्डर आपल्या मेमरी कार्डावर अस्तित्वातच नाही आणि मॉड्यूल नसलेल्या घराचे दार ठोठावत आहे. फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा दिली की खरा पत्ता छापून येतो. तोच जसाच्या तसा कॉन्फिगमध्ये उतरवावा.

पत्ता बरोबर असूनही यादी रिकामी राहत असेल, तर फाइलींच्या नावांची शेपटे, म्हणजे एक्स्टेन्शन, पाहावीत. कोणत्या प्रकारच्या फाइली फोटो म्हणून घ्यायच्या, याची एक यादी मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये असते. तिच्यात ‘जेपीजी’ असेल आणि आपल्या फाइली ‘जेपीईजी’ असतील, तर त्या वगळल्या जातात. आयफोनवर काढलेल्या फोटोंची गोष्ट वेगळी आहे. २०१७ मधील आयओएस ११ पासून आयफोन फोटो ‘एचईआयसी’ या प्रकारात साठवू लागले आणि मॅजिकमिररमागे काम करणारा क्रोमियम ब्राउझर हा प्रकार दाखवत नाही. नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिल्याने आतील रचना बदलत नाही. तसे केल्यास फोटो यादीत येईल आणि पडद्यावर मात्र रिकामी चौकटच उमटेल. पायवर ‘लिबहाइफ-एक्झाम्पल्स’ हे पॅकेज बसवले की ‘हाइफ-कन्व्हर्ट’ या आज्ञेने असे फोटो जेपीजीमध्ये खरोखर बदलता येतात. पुढचे फोटो मुळातच जेपीजी निघावेत यासाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमधील फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडावा.

आता यादीत फोटो येतात, पण पडद्यावर येत नाहीत अशी स्थिती घेऊ. काही मॉड्यूल फोटो स्वतः वाचून पडद्याकडे पाठवतात. काही मात्र फक्त त्याचा पत्ता पाठवतात आणि फाइल सर्व्हरने द्यावी अशी अपेक्षा ठेवतात. मॅजिकमिररचा सर्व्हर आपल्या फोल्डरमधील ठरावीक भागच, त्यात मॉड्यूल्सचा फोल्डर आला, बाहेर देतो. ‘पिक्चर्स’ किंवा ‘डाउनलोड्स’मध्ये ठेवलेला फोटो त्याच्या कक्षेबाहेर राहतो. याची खात्री करणे सोपे आहे: पायवरच ब्राउझर उघडून लोकलहोस्ट, पोर्ट ८०८० आणि पुढे मॉड्यूल्सपासून फोटोपर्यंतचा पूर्ण पत्ता द्यावा. फोटो दिसला तर सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी आहे. दिसला नाही तर फोटो मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये हलवावेत किंवा ‘एलएन -एस’ या आज्ञेने मूळ फोल्डरचा दुवा तेथे तयार करावा. दुवा केल्याने फोटोंच्या दोन प्रती सांभाळाव्या लागत नाहीत, म्हणून मला तो मार्ग अधिक पसंत आहे. ही तपासणी मोबाइलवरून करू नये. मॅजिकमिरर मुळात फक्त स्वतःच्याच यंत्राला उत्तर देतो, त्यामुळे मोबाइलवर नकार आला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

फोटो पेनड्राइव्हवर असतील तर आणखी एक शक्यता राहते. पाय चालू झाल्यावर डेस्कटॉप येतो आणि त्यानंतर पेनड्राइव्ह जोडला जातो; मॅजिकमिरर त्याआधीच सुरू झालेला असेल, तर त्या क्षणी फोल्डर रिकामा असतो. बरीचशी मॉड्यूल सुरुवातीला एकदाच यादी करतात आणि पुन्हा पाहत नाहीत. आरसा हाताने पुन्हा सुरू केल्यावर फोटो दिसतात आणि वीज जाऊन आल्यावर नाहीत, असे होत असेल, तर कारण हेच समजावे. पेनड्राइव्हची नोंद त्याच्या यूयूआयडी या ओळख क्रमांकासह, सुरुवातीला कोणती साधने जोडायची हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये करावी आणि तेथे ‘नोफेल’ हा शब्द अवश्य घालावा, म्हणजे एखाद्या दिवशी पेनड्राइव्ह काढलेला असला तरी पाय अडून बसणार नाही. नवे फोटो टाकल्यावर ते दिसत नाहीत, या तक्रारीचे उत्तरही यातच आहे: आरसा एकदा पुन्हा सुरू करावा.

राहिली एक किरकोळ वाटणारी बाब. मॉड्यूलला ‘पोझिशन’ दिलेली नसेल, तर ते मुकाट्याने चालत राहते आणि कुठेच दिसत नाही. बॅकग्राउंडस्लाइडशोसारख्या संपूर्ण पडद्यावर फोटो पसरणाऱ्या मॉड्यूलला ‘फुलस्क्रीन_बिलो’ ही जागा द्यावी लागते, म्हणजे फोटो मागे राहतात आणि घड्याळ त्यांच्यावर दिसते.

प्रश्न : पोळ्याच्या दिवशी काढलेल्या बैलजोड्यांच्या फोटोंपैकी काही दिसतात, काहींच्या वेळी पडदा काळा राहतो आणि काही फोटो आडवे पडलेले दिसतात. सर्व फोटो एकाच फोनचे आहेत. — एक शेतकरी वाचक, वसमत

उत्तर : फोन एकच असला तरी फाइलींची नावे सारखी नसतात. एकच फोटो दोनदा उतरवून घेतला की संगणक त्याच्या नावापुढे कंसात आकडा घालतो. मॉड्यूलने तो पत्ता पडद्याच्या सजावटीच्या भाषेत, म्हणजे सीएसएसमध्ये, अवतरणचिन्हांविना लिहिला असेल, तर नावातील कंस किंवा मोकळी जागा आल्याबरोबर तो पत्ता निकामी ठरतो. नावात हॅशचे चिन्ह असेल, तर ब्राउझर त्यापुढचा भाग पत्त्याचा मानतच नाही. इंग्रजीतील सुटे अवतरणचिन्ह आणि टक्क्याचे चिन्ह हीदेखील अशीच घातक आहेत. काळ्या पडद्याच्या वेळी कोणत्या नावाची पाळी होती ते लॉगमध्ये पाहावे. अशा दोन-तीन नावांत एखादे चिन्ह सारखे आढळले की निदान झाले. फाइलींची नावे अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यांतच ठेवली, तर हा प्रश्न कायमचा सुटतो. नावे मराठीत ठेवायला हरकत नाही. नीट लिहिलेले मॉड्यूल ती पचवते. तरीही एखादे मॉड्यूल अडखळत असेल, तर फोल्डरचे नाव मराठीत आणि फाइलींची नावे रोमनमध्ये ठेवण्याऐवजी दोन्ही रोमनमध्ये ठेवून आधी खात्री करून घ्यावी.

आडव्या फोटोंचे कारण फोनच्या सवयीत आहे. फोन उभा धरून फोटो काढला तरी तो बहुधा आडवाच साठवला जातो आणि तो किती फिरवून दाखवायचा याची सूचना फाइलमधील एक्सिफ नोंदीत लिहिली जाते. क्रोमियम ब्राउझर २०२० मधील ८१व्या आवृत्तीपासून ही सूचना आपोआप पाळतो. आपली मॅजिकमिररची आवृत्ती त्याहून जुनी असेल, तर ती पाळली जात नाही. प्रणाली अद्ययावत करणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय फोटोच प्रत्यक्ष फिरवून ठेवण्याचा आहे आणि तो पुढील उत्तरात सांगितलेल्या एकाच आज्ञेत बसतो.

प्रश्न : आरसा सकाळी उत्तम चालतो. दुपारपर्यंत फोटो अडखळत बदलू लागतात आणि नंतर पडदा गोठतो, घड्याळही थांबते. उन्हाळ्यात हे रोज होते. माझ्याकडे रास्पबेरी पाय ३ आहे आणि फोटो चांगल्या कॅमेऱ्याचे, मूळ आकाराचे आहेत. — एक छायाचित्रकार, परभणी

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. फोटोची फाइल कार्डावर चार-पाच एमबीची असते, कारण जेपीजीमध्ये ती दाबून ठेवलेली असते. पडद्यावर दाखवण्यासाठी मात्र ती पूर्ण उलगडावी लागते आणि तेव्हा प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा फोटो उलगडला की सुमारे ४८ एमबी मेमरी घेतो. ५० मेगापिक्सेलचा फोटो सुमारे २०० एमबी. एक फोटो विरत जाऊन दुसरा उमटत असताना दोन्ही एकाच वेळी मेमरीत असतात, आणि मॉड्यूल पुढचा फोटो आधीच तयार ठेवत असेल तर तीन. रास्पबेरी पाय ३ ची एकूण मेमरी १ जीबी असते. डेस्कटॉप आणि ब्राउझर यांचा वाटा त्यातूनच जातो. आपला मॉनिटर १९२० गुणिले १०८० चा असेल, तर त्याला प्रत्यक्षात एका वेळी लागणाऱ्या चित्राला ८ एमबीहून थोडी अधिक मेमरी पुरते. उरलेला सारा भार डोळ्यांना न दिसणाऱ्या तपशिलासाठी वाहिला जातो.

आपण छायाचित्रकार आहात, तेव्हा फोटो लहान करा असे सांगताना आपल्याला वाईट वाटेल याची मला जाणीव आहे. मूळ फोटोंना हात लावू नये. त्यांची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करावी आणि त्या प्रतीवर इमेजमॅजिक या साधनाची ‘मोग्रिफाय’ आज्ञा चालवावी. तिला ‘ऑटो-ओरिएंट’ हा पर्याय दिला की आडवे पडलेले फोटो सरळ होतात. ‘रिसाइझ’ला मॉनिटरची मापे देऊन शेवटी ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह लावले की त्या मापांहून मोठे फोटोच लहान होतात, छोटे फोटो ताणले जात नाहीत. हे चिन्ह अवतरणांत ठेवावे, नाहीतर टर्मिनल त्याचा वेगळाच अर्थ घेते. मोग्रिफाय मूळ फाइलीवरच लिहिते, म्हणून प्रत करण्याची पायरी कोणीही गाळू नये. मॉनिटर उभा बसवला असेल तर मापे १०८० गुणिले १९२० अशी द्यावीत.

एवढे करूनही मेमरी तासागणिक भरत जाते का, हे ‘फ्री -एच’ या आज्ञेने सकाळी आणि दुपारी पाहावे. उपलब्ध मेमरी सतत घटत असेल, तर मॉड्यूल दाखवून झालेले फोटो सोडून देत नाही असा त्याचा अर्थ होतो. त्याची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहावे आणि तोवर रात्री एकदा आरसा आपोआप पुन्हा सुरू होईल अशी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनात, सोय करावी.

आता उन्हाळ्याविषयी. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि आपला पाय लाकडी चौकटीत, तापलेल्या मॉनिटरच्या पाठीला चिकटून बसलेला असणार. पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. फोटो अडखळत बदलतात ते त्यामुळेही असू शकते. ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प’ ही आज्ञा भर दुपारी देऊन तापमान पाहावे. चौकटीच्या तळाला आणि माथ्याला भोके पाडली, तर गरम हवा वरून निघून जाते आणि खालून थंड हवा येते. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमची उष्णताशोषक पट्टी चिकटवावी आणि आरसा पश्चिमेच्या भिंतीवर लावू नये. कूलरच्या झोतासमोरही तो लावू नये, कारण त्या दमट हवेबरोबर जाणारी धूळ चौकटीत साचत राहते.

याच वेळी ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही दुसरी आज्ञाही द्यावी. उत्तरात एक्सनंतर केवळ शून्य असेल तर सर्व ठीक आहे. ५०००० आले तर पाय सुरू झाल्यापासून कधीतरी विजेचा दाब अपुरा पडून त्याचा वेग कमी झाला होता. ५०००५ आले तर या क्षणीही तसेच चालले आहे. पायला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की हा इशारा नोंदला जातो. मोबाइलचा चार्जर आणि लांब, बारीक केबल ही त्याची नेहमीची कारणे. पाय ३ साठी ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा, तर पाय ४ साठी ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. यावर कृपया काटकसर करू नये. मेमरी कार्ड खराब होण्यामागेही अनेकदा हाच दोष असतो.

प्रश्न : माझ्या आरशावर गुगल फोटोजमधील अल्बम थेट दिसत असे. मध्यंतरी काहीही न बदलता तो बंद पडला. पुन्हा परवानगी देऊन पाहिली, तरी उपयोग झाला नाही. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हा आपल्या आरशाचा दोष नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरला वापरकर्त्याचा संपूर्ण फोटोसंग्रह वाचू देणाऱ्या परवानग्या गुगलने ३१ मार्च २०२५ नंतर बंद केल्या. आता एखादे ॲप त्या मार्गाने स्वतः चढवलेले फोटोच वाचू शकते. जुन्या पद्धतीवर उभी असलेली मॉड्यूल यामुळे थांबली आणि परवानगी कितीदाही नव्याने दिली तरी ती पूर्वीसारखी चालणार नाहीत. गुगल टेकआउट या आपली माहिती उतरवून देणाऱ्या सेवेतून हवे ते अल्बम उतरवून घ्यावेत, वर सांगितल्याप्रमाणे त्यांचा आकार कमी करावा आणि ते पायवरच ठेवून स्थानिक फोल्डर वाचणारे मॉड्यूल वापरावे. घरातील इतरांना फोटो टाकता यावेत यासाठी सांबा या फोल्डर वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तो फोल्डर घरच्या वायफायवर खुला करता येतो. इंटरनेट वारंवार जाणाऱ्या आपल्या भागात मला हीच व्यवस्था मुळापासून योग्य वाटते.

प्रश्न : फोटो बदलण्याची वेळ १५ ठेवली, फोटो डोळ्यांपुढून नुसते लुकलुकतात आणि माउसही हलत नाही. — एक विद्यार्थी, जालना

उत्तर : ही वेळ मिलिसेकंदांत द्यायची असते. पंधरा सेकंदांसाठी १५००० लिहावे. घरच्या फोटोंसाठी मी तर ३०००० सुचवेन. आजी-आजोबांना चेहरा ओळखायला तेवढा अवधी हवा असतो.

प्रश्न : स्लाइडशो सुरू झाल्यापासून आरशात चेहरा दिसत नाही. काच चुकीची आली का? — एक गृहिणी, लातूर

उत्तर : काच योग्य आहे. अर्धपारदर्शक काचेमागे जिथे अंधार असतो तिथेच ती आरशासारखी वागते. म्हणून मॅजिकमिररची पार्श्वभूमी काळी ठेवलेली असते. संपूर्ण पडद्यावर उजळ फोटो आला की मागचा प्रकाश आपल्या प्रतिबिंबावर मात करतो. फोटो मंद करायचे असतील, तर कस्टम.सीएसएस फाइलमध्ये त्या मॉड्यूलला ब्राइटनेसचा फिल्टर लावून त्याचे मूल्य ०.५ किंवा ०.६ ठेवावे. माझी पसंती मात्र वेगळी आहे: फोटो पडद्याच्या खालच्या एका कोपऱ्यात लहान चौकटीत ठेवावेत आणि चेहऱ्याच्या उंचीचा मधला भाग पूर्ण काळा राहू द्यावा. कुंकू लावायला आणि केस विंचरायला आरसा मोकळा राहतो आणि फोटोही दिसतात. संपूर्ण पडद्याचा स्लाइडशो संध्याकाळनंतर ठरावीक वेळीच यावा असे वाटत असेल, तर मॉड्यूल वेळापत्रकानुसार दाखवणारी आणि लपवणारी वेगळी मॉड्यूल मिळतात.

प्रश्न : आमच्याकडे भारनियमन असते. वीज आल्यावर आरसा सुरू होतो, पण कधी फोटो येत नाहीत, कधी घड्याळ चुकीची वेळ दाखवते आणि एकदा तर कार्डच उघडेना. — एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. चुकीच्या वेळेचे कारण असे की पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नसते. तो इंटरनेटवरून वेळ घेतो. वीज आल्यावर राउटर पायपेक्षा उशिरा तयार होतो, तोवर पाय जुन्याच वेळेवर चालतो, आणि यंत्राची वेळ बरीच चुकली असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटतात. त्यामुळे इंटरनेटवरून येणारे हवामान आणि फोटो, दोन्ही नाकारले जातात. डीएस३२३१ हा घड्याळाचा छोटा भाग पायला जोडता येतो, किंवा मॅजिकमिरर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आधी एक मिनिट थांबण्याची सूचना घालता येते. पेनड्राइव्ह उशिरा जोडला जाण्याच्या अडचणीवरही हा विराम लागू पडतो.

कार्ड खराब होते ते लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेल्यामुळे. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग बदलण्याच्या साधनात परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे. तो चालू केला की सर्व बदल तात्पुरत्या मेमरीत होतात आणि कार्डावर काहीच लिहिले जात नाही. मात्र त्यानंतर कार्डावर टाकलेले नवे फोटो पाय बंद होताच नाहीसे होतात, म्हणून फोटो पेनड्राइव्हवर ठेवावेत. हा पर्याय मेमरीतील जागा वापरतो, तेव्हा १ जीबीच्या पायवर तो चालू करण्यापूर्वी फोटोंचा आकार अवश्य कमी केलेला असावा. राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी बॅकअप पायला जोडण्याचा विचार असेल, तर आधी त्यावर ५ व्होल्टची किती अँपिअर क्षमता लिहिली आहे ते वाचावे. बरेच बॅकअप १२ व्होल्टचे असतात आणि ते पायला थेट जोडल्यास पाय जळतो.